धंद्यातील हरवलेली गोडी : कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यांचा विचार

लहान धंदा बंद पडला म्हणजे त्याची नोंद कोठे ना कोठे होते. बँकेच्या थकबाकीत ती दिसते, तोडलेल्या वीजजोडणीत दिसते. परंतु धंदा चालू असतानाच मालकाचे मन त्यावरून उडाले, तर त्याची नोंद कोणत्याही कार्यालयात होत नाही. दुकान रोज उघडते, माल जातो, पैसे येतात; फक्त ज्याने उमेदीने तो धंदा उभा केला, तो माणूस आता नाइलाजाने तेथे बसलेला असतो. "आमच्या मुलाने यात पडू नये" हे वाक्य त्याच्या तोंडून सहज निघते. धंद्याचे आयुष्य खरे तर त्याच दिवशी मोजके होते.

हा प्रश्न अनेक लहान उद्योजकांचा आहे. त्याचे स्वरूप समजून घ्यावयाचे, तर एखादा धंदा जवळून पाहावा लागतो. येथे कोल्हापुरी चप्पल करणारा मालक-कारागीर विचारासाठी घेतला आहे. तो स्वतःच मालक असतो आणि स्वतःच कारागीर. त्यामुळे धंद्यातील आनंद कोठून येतो आणि कोणत्या वाटेने निघून जातो, हे त्याच्या ठिकाणी विशेष स्पष्ट दिसते.

कोल्हापुरी चप्पल ही मूळची हिरडा व बाभळीची साल वापरून कमावलेल्या चामड्याची. तळाचे थर खिळ्यांनी ठोकलेले नसतात. ते चामड्याच्याच वादीने शिवले जातात. रापीने चामडे कापणे, आरीने भोके पाडणे, तळ ठोकून बसविणे ही कामे बहुधा पुरुष करतात. पट्ट्यावरची बारीक वेणी, गोंडे व नक्षी यांचे काम प्रायः घरातील स्त्रियांकडे असते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या कारागिरीला उत्तेजन मिळाले. कोल्हापुरातील सुभाषनगर व जवाहरनगर या वस्त्या आजही या कामासाठी ओळखल्या जातात आणि शहरात आलेला यात्रेकरू अंबाबाईचे दर्शन घेऊन चप्पल लाइनीकडे वळतो, हा क्रम बदललेला नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना तो लागू आहे.

इतका लौकिक असलेल्या धंद्यातील माणूस उदास का व्हावा? स्वस्त रेक्झिनच्या नकला बाजारात आल्या, चामडे महागले, पुष्कळसे चामडे तामिळनाडूसारख्या दूरच्या प्रांतातून मागवावे लागते, ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. परंतु केवळ स्पर्धेने माणूस उदास होत नाही. कित्येकदा तो ईर्ष्येने अधिक काम करतो. उदासीनतेचे मूळ आणखी एका ठिकाणी आहे. घाट कोणता असावा, हे दुकानदार सांगतो. भाव दुकानदार ठरवितो. पैसे केव्हा द्यावयाचे, तेही तोच ठरवितो. चपलेवर शिक्का दुकानाचा असतो. ती कोणाच्या पायात गेली, आवडली की चावली, हे करणाऱ्याला कधीच कळत नाही. नावाने मालक असलेल्या या माणसाच्या हाती एकही निर्णय उरलेला नसतो. चामड्याच्या व्यापाऱ्याकडे खेप, दुकानदाराकडे पैशांसाठी खेप, बँकेत खेप, असा दिवस सरतो आणि रापी हाती येईपर्यंत सूर्य कललेला असतो.

ज्यांचा धंदा वाढला, त्यांचीही अवस्था फारशी वेगळी नाही. पदरी आठ-दहा माणसे आली की मालक कामावर बसेनासा होतो. अशांपैकी ज्यांनी आठवड्यातून एखादा जोड तरी स्वतःच्या हाताने पूर्ण करण्याचा परिपाठ ठेवला, त्यांना त्याचा उपयोग झालेला दिसतो. हा निव्वळ हौसेचा भाग नव्हे. चामडे नीट कमावलेले आहे की घाईने, वादी ओढताना ती तुटते की नाही, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ते बोटांना कळते. ज्या मालकाच्या बोटांना ते कळते, त्याला व्यापारी सहसा फसवीत नाही आणि कारागीरही त्याचा शब्द मानतात.

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पादत्राणे मांडली आणि तिच्या मूळ स्थानाचा उल्लेख केला नाही, तेव्हा देशभर चर्चा झाली. टीकेनंतर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही झाला. या घटनेने कारागिरांची मान उंचावली, यात शंका नाही. तथापि, अभिमानाने उधारी वसूल होत नाही. वर्तमानपत्रातील छायाचित्र जुने होते आणि सोमवारी सकाळी चामड्याचे पैसे द्यावयाचेच असतात.

भाव कोणी ठरवावा?

निर्णय परत हाती घेण्याची सुरुवात हिशेबापासून होते. एक उदाहरण घेऊ. समजा, एक जोड दुकानदाराला ७०० रुपयांस दिला. चामडे ३८० रुपयांचे, दोरा-रंग आदी किरकोळ सामान ६० रुपयांचे आणि तळ ठोकणाऱ्याची मजुरी १५० रुपये, असा एकूण ५९० रुपये खर्च झाला. मालक म्हणतो, ११० रुपये सुटले. पण कापणीला त्याचे स्वतःचे दोन तास गेले आणि वेणीला घरातील स्त्रीचे तीन तास गेले, ते कोठेच मांडलेले नाहीत. पाच तासांची मजुरी तासाला ४० रुपये धरली तरी २०० रुपये होते. म्हणजे नफा म्हणून जे ११० रुपये दिसले, ते वस्तुतः घरच्या माणसांना न दिलेल्या मजुरीपैकीच होते, आणि वर ९० रुपये तोटा झाला. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. वर्षानुवर्षे राबूनही हाती काही का लागत नाही, याचा उलगडा अशा एका कागदावर होतो. त्यातून येणारे पहिले समाधान विचित्र वाटेल, पण खरे आहे : आपण कामात कमी पडत नव्हतो, हे माणसाला समजते. मग कोणता घाट करावयाचा आणि कोणता दुकानदाराला स्पष्ट नाकारावयाचा, हे सांगण्याचे बळ येते.

येणे वसूल करण्याचा हक्क

थकलेल्या येण्याइतके लहान उद्योजकाला दुसरे काहीही खचवीत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ याचा आधार येथे उपलब्ध आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावयाचे असतात आणि ही मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. लेखी करार नसल्यास ती १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. तंटा झाल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. शिवाय, असे देणे मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही, अशी तरतूद एप्रिल २०२४ पासून अंमलात आली आहे. मात्र नोंदणी माल देण्यापूर्वी झालेली असावी. ही नोंदणी विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

ज्या दुकानदारावर वर्षाचा माल अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध अर्ज करण्यास किती जण धजावतील, हा प्रश्न रास्त आहे. फार थोडे, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर होय. तरीही बिलावर उद्यम क्रमांक व मुदतीची तारीख छापलेली असली, तर बोलण्याचा सूर बदलतो. पैसे मागणे ही याचना राहत नाही.

भांडवलासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या १८ व्यवसायांत पादत्राणे करणाऱ्यांचा समावेश असून प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ घेता येतो. लाभार्थी म्हणून आपोआप घरातील पुरुषाचे नाव पुढे होते आणि वेणी विणणारी मागे राहते. ते टाळावयाचे तर कोणाचे नाव द्यावयाचे, याचा घरात आधी विचार व्हावा.

राहिला प्रश्न चप्पल घालणाऱ्याचा. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या, आज संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलेसाठी क्यूआर संकेतांक आणला. मोबाइलने तो टिपला असता चप्पल कोणी, कोठे व कशापासून केली, याची माहिती ग्राहकास मिळते. नकली माल ओळखावा, हा त्याचा मुख्य हेतू. पण करणाऱ्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. दुकानाच्या शिक्क्याआड लपलेले त्याचे नाव प्रथमच चपलेबरोबर बाहेर पडते. पुण्यातील वा दूरच्या गावातील एखाद्याने त्या नावाचा माग काढून टाच झिजल्याची तक्रार केली, तरी ती ऐकण्यात कारागिराला रस असतो. पुढच्या जोडाची टाच तो वेगळ्या चामड्याची करून पाहतो.

असे करून पाहण्यास सवड पावसाळ्यात मिळते. ओल्या हवेत चामडे लवकर वाळत नाही, चप्पल कोणी घालत नाही, मागणी उतरते, आणि उधारीची आठवण याच दिवसांत जास्त सतावते. ज्यांनी या महिन्यांत घरातील जुने जोड उसवून त्यांची बांधणी पाहिली, हल्ली कोणी न करणारा एखादा घाट पुन्हा बसविला, एखादा नवा रंग लावून पाहिला, त्यांच्याकडे दिवाळीपूर्वी दाखवावयास स्वतःचे चार नमुने तयार असतात. त्यांचा भाव त्यांनी स्वतः लिहिलेला असतो. अशा वेळी शाळेतून आलेला मुलगा शेजारी बसून रापीला धार कशी लावतात, हे विचारू लागला, तर त्याला कोणी उठवीत नाही.