जुनी गाडी, रोजची गाडी (भाग ६) : बोनेटखालची आवराआवर

पद्मिनीच्या बोनेटखाली मुळात फार काही नव्हतंच. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर कार्बोरेटर, बाजूला डिस्ट्रिब्युटर आणि कॉईल, पुढे रेडिएटर आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा. पेट्रोलचा पंपही इंजिनच्याच हालचालीवर चालणारा, त्याला वायर नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून बनत होती, १९७४ पासून ती पद्मिनी झाली. बोनेट उघडलं की इंजिनच्या कडेनं खालची जमीन दिसायची. हातातून निसटलेला पाना सरळ जमिनीवर पडायचा, आणि मेकॅनिकच्या दृष्टीनं ही मोठीच सोय होती.

तीच गाडी तीस-चाळीस वर्षं वापरल्यावर चित्र वेगळं असतं. काळ्या टेपनं गुंडाळलेल्या वायरींचा एक जाड गठ्ठा बॅटरीपासून निघून कुठे जातो ते कळत नाही. एका जादा हॉर्नची वायर आहे, हॉर्न नाही. फॉगलॅम्प कधीच काढले, त्यांचा स्विच डॅशबोर्डवर तसाच. रिव्हर्स घेताना वाजणारं गाणं, चोरीचा भोंगा, एलपीजीचं किट : प्रत्येकानं आपली एखादी वायर किंवा पाइप मागे ठेवलेला. घरच्या माळ्यावर जशी ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत अडगळ साठते, तशीच ही साठते. फरक एवढाच की या अडगळीतून बारा व्होल्टचा करंट वाहत असतो.

म्हणून आवराआवर. पण इथेच उत्साही मालक आणि घाईतला मेकॅनिक दोघेही घसरतात. बोनेटखाली दिसणाऱ्या गर्दीत दोन प्रकारचा माल असतो. एक कारखान्यातून आलेला, दुसरा नंतर चिकटलेला. काढायचा तो दुसरा. प्रत्यक्षात होतं बरेचदा उलटं : चोरीच्या भोंग्याची मेलेली वायर राहते आणि थर्मोस्टॅट भंगारात जातो.

थर्मोस्टॅटचीच गोष्ट घ्या. ‘आपल्याकडे एवढी गरमी, याची गरज काय?’ असं म्हणत तो काढून टाकण्याची पद्धत आपल्या गॅरेजांमध्ये इतकी रुजली आहे की जुन्या गाडीत तो सापडला तर आश्चर्य वाटावं. हा छोटा वॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरकडे धावतं. इंजिन थंड राहतं, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. गाडी ‘गरम होत नाही’ याचं समाधान मिळतं आणि त्याची किंमत रिंगा मोजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो नसला तर थोडं पाणी रेडिएटर टाळूनच फिरत राहतं, आणि ज्या भीतीनं तो काढला तेच ट्रॅफिकमध्ये घडतं.

मारुती ८०० मध्ये याचा सख्खा भाऊ भेटतो : ‘डायरेक्ट’ केलेला पंखा. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या गाडीत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी तापल्यावर थर्मोस्विच तो चालू करतो. स्विच बिघडला की नवा आणण्याऐवजी वायरमन दोन वायरी जोडतो. आता चावी फिरवली की पंखा सुरू, मग पहाटेचे पाच वाजलेले असोत की दुपारचे दोन. एक सुटा भाग कमी झाला, पण याला सुटसुटीतपणा म्हणायचं तर फ्यूज काढून तार लावण्यालाही म्हणावं लागेल. (तेही करणारे आहेत.)

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे ब्रीदर पाइप. पिस्टनच्या कडेनं खाली निसटलेला धूर इंजिनच्या पोटात साठतो. तो पाइपानं परत इंजिनच्या श्वासात सोडलेला असतो. पाइप फुटला, कुणीतरी काढला आणि तोंडाशी बोळा कोंबला, तर तो दाब दुसरी वाट शोधतो आणि ऑइल सीलमधून गळायला लागतं. मग सील बदलले जातात. पुन्हा गळतं.

अमेरिकेत हा तंटा अधिक रंगला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर तिथल्या गाड्यांच्या बोनेटखाली धूर कमी करणाऱ्या यंत्रणांचे रबरी पाइप भराभर वाढले. होंडानं १९७५ च्या सिव्हिकमध्ये सीव्हीसीसी इंजिन देऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय ते निकष गाठले, पण ऐंशीच्या दशकातल्या कार्बोरेटरवाल्या होंडा गाड्यांत व्हॅक्यूमच्या पाइपांचं असं जाळं झालं की कुठला पाइप कुठे जातो हे सांगायला पाइपांवर आकडे टाकलेले असत. हे सगळं उपटून टाकणं हौशी लोकांना साफसफाई वाटतं, तिथला कायदा त्याला छेडछाड मानतो. कॅलिफोर्नियात तपासनीस धूर मोजतोच, शिवाय बोनेट उघडून मूळ भाग जागेवर आहेत का तेही पाहतो. १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना तेवढी सूट आहे.

आपल्याकडे पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि मोकळा होतो. तेव्हा काय काढायचं नाही हे मालकालाच ठाऊक असायला हवं. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं. त्यानंतरच्या गाडीत कार्बोरेटरच्या आसपास दिसणारी प्रत्येक बारीक नळी एखादं काम करते, असं धरूनच पुढे जावं. नळी कडक झाली असेल, टोकाशी चिरली असेल, तर त्याच मापाची नवी घालायची. चिरलेल्या नळीतून हवा ओढली जाते, आयडलिंग वर-खाली होतं, आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरवर येतो.

आता जे काढायचं ते. आधी मोबाइलवर चारही बाजूंनी भरपूर फोटो, मग बॅटरीची निगेटिव्ह सुटी. आणि एक पथ्य : दोन्ही टोकं सापडल्याशिवाय वायर कापायची नाही. एक टोक हवेत आणि दुसरं थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये फ्यूज नाही, अशी वायर जुन्या गाडीत हमखास निघते. तिचं मोकळं टोक घासून घासून एक दिवस बॉडीला टेकलं की वायर लाल होते, आणि वरून पेट्रोलचा पाइप जात असेल तर पुढचं सांगायला नको. हाताला लागणारी टेप चिकट झाली असेल तर समजायचं की आत नुसता पीळ मारलेला जोड आहे. इंजिनच्या उष्णतेनं टेपचा गोंद पाझरतो, टेप सरकते, तांबं उघडं पडतं. असा जोड कापून योग्य मापाचं लग दाबायचं, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवायची. हा सगळा माल पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सहज मिळतो.

वायरिंगमध्ये एका जागी मात्र भर घालावीशी वाटेल, आणि ती घालावी : हेडलाइट. रस्ता दिसत नाही म्हणून साठ वॅटच्या जागी शंभराचे बल्ब बसवायची जुनी सवय. साठचे दोन बल्ब बारा व्होल्टवर दहा अँपिअर ओढतात, शंभराचे दोन जवळपास सतरा. तो सगळा करंट जुन्या बारीक वायरींतून आणि स्विचच्या झिजलेल्या पत्र्यांमधून जातो. स्विच वितळतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि गंमत म्हणजे प्रकाश हवा तेवढा वाढत नाही. कारण बल्बपाशी व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं, तर प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. उपाय म्हणजे मूळ वॅटचेच बल्ब आणि दोन रिले. रिलेच्या तळाला आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीहून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८५ आणि ८६ च्या मध्ये जुन्या स्विचचा इशारा. स्विचमधून आता पाव अँपिअरसुद्धा जात नाही. म्हणजे दोन डब्या वाढल्या आणि तरी वायरिंग सोपं झालं.

अर्थिंगकडे कुणी पाहत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी पट्टी गंजली की स्टार्टरचा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल मारावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला, तर पट्टी बदलायची, खालचा रंग खरवडायचा.

सगळं सरळ रेषेत बांधण्याचा मोह प्लगच्या वायरींपाशी आवरावा. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. तीन आणि चार हे शेजारी सिलिंडर एकापाठोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटवून बांधल्या, तर एकीतला उच्च दाब दुसरीत उमटू शकतो आणि चौथा अवेळी पेटतो. गाडी देखणी दिसते आणि चढावर धक्के देते.

धुलाईबद्दल एवढंच की इंजिनला डिझेल किंवा रॉकेल मारू नये. रबर फुगतं, होसपाइप आणि माउंटिंग लवकर जातात. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो.

एलपीजी किट निघणार असेल तर हीटरच्या पाइपांत घातलेले टी-जोडही काढून अखंड पाइप घालावा, बोळे मारून ठेवू नयेत. आणि किट काढल्याची नोंद आरटीओत आरसी बुकावर करावी, कारण इंधनाचा प्रकार तिथे छापलेला असतो. पन्नाशी ओलांडलेल्या पद्मिनीच्या मालकांनी तर जादा जपावं. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे, तेव्हा काढलेला प्रत्येक मूळ क्लॅम्प, कंस आणि झाकण चिठ्ठी लावून डब्यात ठेवावं.

(पुढील आठवड्यात : कार्बोरेटरची ओव्हरहॉलिंग)