सातपुडा : एका दिवसाच्या अंतरावर

चोपडा शहराच्या उत्तरेस निळसर दिसणारी सातपुड्याची रांग आपल्या व्यापारी कुटुंबांच्या रोजच्या नजरेतील आहे. मात्र उन्हाळ्यात महाबळेश्वर वा माउंट अबू गाठणाऱ्या कित्येक घरांतील मुलांनी हा डोंगर जवळून पाहिलेला नसतो. पेढीच्या साप्ताहिक सुट्टीत सहज घडावी अशी ही सहल आहे. अडचण असते ती ऋतूची आणि घड्याळाची.

सातपुडा सर्वांत देखणा दिसतो तो पावसाळ्यात, आणि नेमका तोच चातुर्मासाचा काळ. प्रवासाची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. धबधबे तेव्हा क्षीण होतात, हे खरे. पण वाटा कोरड्या असतात आणि हवा प्रसन्न असते.

पहिला मुक्काम उनपदेव. नवकारशी आटोपून निघाले तरी अडावदमार्गे येथे सकाळीच पोहोचता येते. दगडी गोमुखातून गरम पाण्याची धार अखंड कुंडात पडत असते आणि थंडीत तिच्यावर वाफ तरंगताना दिसते. शरभंग ऋषींची व्याधी दूर करण्यासाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी लोककथा आहे. भूशास्त्राच्या मते, तापीच्या खोऱ्यात जमिनीला खोल भेगा आहेत. त्यांतून खाली मुरलेले पाणी तापून पुन्हा वर येते. पाणी गरम असले, तरी ते गाळून उकाळलेल्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. घरचे पाणी बरोबर असावेच.

तेथून पूर्वेस, यावल तालुक्यातील आडगावजवळ मनुदेवी आहे. तिन्ही बाजूंनी उंच कडे, मध्ये मंदिर आणि शेजारी धबधब्याची जागा असा हा परिसर खानदेशातील अनेक घराण्यांच्या कुलदेवतेचे ठिकाण आहे. दुपारचे जेवण येथे घ्यावे. रावेर तालुक्यातील पाल मात्र याच दिवशी साधण्याचा हट्ट धरू नये. 1969 साली घोषित झालेले यावल अभयारण्य आणि पालची थंड हवा यांसाठी स्वतंत्र दिवस ठेवणेच योग्य.

जेवणाच्या वेळी माकडे जवळ येतात. जीवदया म्हणून त्यांना शेव, फरसाण, बिस्किटे देण्याची आपल्याकडे हौस आहे. ही दया त्यांना अपायकारक ठरते. तळलेल्या, खारट पदार्थांना सोकावलेली माकडे रानातील फळे-पाने शोधणे कमी करतात, रस्त्यावर येऊन वाहनांखाली सापडतात आणि मुलांच्या हातातील डबे ओढतात. उरलेले अन्न आणि पिशव्या घरी परत न्याव्यात. प्लास्टिकला खाद्याचा वास असला की गुरे ते गिळतात. दान करायचेच असेल, तर ते पांजरापोळीत करावे.

डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळचा डबा बरोबर ठेवावा आणि मनुदेवीहून तीनलाच निघावे. चोपडा-यावल रस्त्यावर केळीचे ट्रक लागले, की अंदाज चुकतो.