ऊर्जासंक्रमणाचं चित्र कसं वाचायचं?

आज पडद्यावर नेहमीच्या स्लाइड नाहीत. डावीकडे बरीचशी बटणं आणि उजवीकडे रंगीत पट्ट्यांचा आलेख, एवढंच दिसतंय. बटण दाबलं की पट्ट्या हलतात. देशाची वीज, पेट्रोल, कोळसा, सरपण, सगळं या एका पानावर. असल्या चित्रांकडे बघताना काय बघायचं आणि कशाला भुलायचं नाही, हे आज बोलूया.

याची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. डेव्हिड मॅके हे केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ. ऊर्जेवरच्या चर्चेत विशेषणं फार आणि आकडे कमी, ही त्यांची तक्रार. २००९मध्ये ते तिथल्या ऊर्जा खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार झाले आणि २०१०मध्ये '२०५० पाथवेज कॅल्क्युलेटर' सर्वांसाठी खुला झाला. १९९०च्या तुलनेत २०५०पर्यंत उत्सर्जन ८० टक्क्यांनी कमी करायचं, असं तेव्हा कायद्यानं ठरलेलं होतं. मॅके यांचं म्हणणं साधं होतं: कसं करायचं ते तुम्हीच करून बघा. पवनचक्क्या नकोत? ठीक. अणुऊर्जा नको? तेही ठीक. पण शेवटी बेरीज जुळली पाहिजे.

आपल्याकडे याच धर्तीवर २०१४मध्ये नियोजन आयोगानं 'इंडिया एनर्जी सिक्युरिटी सिनॅरिओज २०४७' आणलं. २०४७ का, तर स्वातंत्र्याची शंभर वर्षं. पुढे नीती आयोगानं त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या.

आता ही बटणं बघा. प्रत्येक बाबीला चार पातळ्या. पहिली म्हणजे फारसे प्रयत्न नाहीत. चौथी म्हणजे तंत्रज्ञान आणि निसर्ग जास्तीत जास्त जेवढं देऊ शकतील तिथपर्यंतची धाव. त्या पातळीला इंग्रजीत चक्क 'हिरॉइक' म्हटलंय! ब्रिटिश यंत्रात अशी चाळीसेक बटणं होती. चार पातळ्या, चाळीस बटणं. किती रस्ते होतात? एकावर चोवीस शून्यं. म्हणून हे भविष्य सांगणारं यंत्र नाही, हे आधी डोक्यात ठेवा. 'असं होईल' असं ते म्हणत नाही. 'तुम्ही असं ठरवलंत तर हे असं होतं' एवढंच म्हणतं.

विद्यार्थ्यांना हे दिलं की पहिल्या मिनिटात सगळी बटणं चारवर जातात. उत्सर्जन धाडकन खाली, टाळ्या. मग मी म्हणतो, आता जमिनीचा आकडा उघडा, खर्चाचा उघडा. तिथून खरी चर्चा सुरू होते.

उजवीकडची ही वाहत्या नद्यांसारखी आकृती, हिला सँकी आकृती म्हणतात. कॅप्टन सँकी या अभियंत्यानं १८९८मध्ये वाफेच्या इंजिनातली उष्णता कुठे कुठे जाते हे दाखवायला ती काढली. पट्टा जितका रुंद, तितकी ऊर्जा जास्त. आता कोळशाच्या पट्ट्यावर बोट ठेवा. वीजकेंद्रात शंभर भाग जातात आणि तारेत साधारण पस्तीसच येतात. उरलेली उष्णता कूलिंग टॉवर आणि धुरांड्यातून बाहेर. हा वाया जाणारा राखाडी पट्टा बहुतेक जण बघतच नाहीत, आणि सगळी गोम तिथंच आहे.

एक प्रयोग करू. चुलीचं बटण घेऊ. आपल्या देशाच्या चित्रात सरपण, गोवऱ्या, काटक्या यांचाही पट्टा असतो, आणि तो चांगला जाड. गंमत अशी, की त्याचं बिल कुठेच फाटत नाही; तो आकडा सर्वेक्षणांवरून काढावा लागतो. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी भांड्याला जेमतेम दहा-पंधरा टक्के लागते. गॅसच्या शेगडीत साठच्या आसपास. बटण फिरवलं की स्वयंपाक तेवढाच होतो आणि देशाचा एकूण ऊर्जावापर मात्र कमी दिसतो. पण आता आयातीचा आलेख बघा: तो वर गेला, कारण आपला निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो. म्हणजे ऊर्जासुरक्षेच्या खिडकीतून बघितलं तर आपण वाईट काम केलं! स्वयंपाकघरातला धूर कमी झाला, त्या बाईचे डोळे, तिची फुप्फुसं वाचली, याला या पानावर रकानाच नाही. आलेख खोटं बोलत नाही, पण कुठला आलेख आधी उघडायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

विजेच्या गाड्यांचंही तसंच. फक्त तेवढंच बटण चारवर न्या. तेलाचा पट्टा बारीक होतो, पण कोळशाचा जाड होतो, कारण वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे. वीजनिर्मितीचं बटण जोडीला फिरवल्याशिवाय फार हाती लागत नाही.

दुसरी भुलवण म्हणजे क्षमता आणि निर्मिती यांची गल्लत. बातम्यांत येतं ते 'इतके मेगावॉट'. हजार मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण पावणेदोनशे कोटी युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचं, नीट चालणारं औष्णिक केंद्र सहाशे कोटींच्या आसपास. म्हणून अक्षावर मेगावॉट आहे की युनिट, हे आधी वाचा. आणि युनिट असले तरी ते वर्षभराचे की संध्याकाळी सातचे? वर्षाची बेरीज जुळते, आणि सूर्य मावळल्यावर पंखे, दिवे, टीव्ही एकदम चालू होतात तेव्हा जुळत नाही. ब्रिटिश यंत्रात यासाठी वेगळी परीक्षाच होती: हिवाळ्यातले पाच गारठलेले, जवळपास वारा नसलेले दिवस निभतील का?

आणि 'हिरॉइक' ठरवलं कुणी? तज्ज्ञांनी, त्या वर्षीच्या माहितीवर. २०१०मध्ये आपलं सौर उद्दिष्ट २०२२पर्यंत २० गिगावॉट होतं. २०१५मध्ये तेच १०० झालं. २०१४मध्ये प्रत्यक्षात तीन गिगावॉटही नव्हतं. १०० गिगावॉटचा टप्पा २०२५च्या जानेवारीत ओलांडला, म्हणजे उद्दिष्ट हुकलं. पण पाच वर्षं आधी जे उद्दिष्ट होतं त्याच्या पाचपट झालं. तेव्हा आवृत्ती कुठल्या वर्षाची आहे ते बघितल्याशिवाय पातळ्यांवर वाद घालू नका.

शेवटचं. कोळशाचं बटण खाली ओढा. पट्टा अलगद बारीक होतो, अर्ध्या सेकंदात, फार सुंदर दिसतं. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं आहे. आसपास खाणी आहेत, ट्रक आहेत, खानावळी आहेत, राखेवर चालणारे वीटभट्ट्यांचे धंदे आहेत. तो अर्धा सेकंद तिथं वीस-तीस वर्षांचा असणार आहे, आणि त्याचं बटण या पानावर नाही.

घरी करून बघा. सगळं दोनवर ठेवा आणि मग एकच बटण हलवा, एकदम दहा नकोत. काय हललं ते लिहून ठेवा. काय हलायला हवं होतं आणि हललं नाही, तेही. चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून मगाशी कुणीतरी हात वर केला होता.