प्रत आणि प्रामाण्य : लिनक्सच्या संस्थापन-प्रतीचा पडताळा

हस्तलिखितांच्या अभ्यासकास प्रत्येक पोथीपाशी दोन प्रश्न विचारावे लागतात. ही प्रत मूळ पोथीबरहुकूम आहे काय, हा पहिला. आणि ज्याच्या नावावर ही पोथी चालते त्याचीच ती आहे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न लेखनिकाविषयीचा, तर दुसरा कर्त्याविषयीचा. लेखनिकाने अक्षरही न चुकता केलेली नक्कल एखाद्या बनावट ग्रंथाची असू शकते. संगणकावर लिनक्स बसविण्यासाठी जी प्रत आपण महाजालावरून उतरवून घेतो, तिच्याबाबतही हेच दोन प्रश्न उभे राहतात. आणि त्यांपैकी पहिल्याचे उत्तर मिळताच पुष्कळ जण थांबतात. तेवढ्यावर थांबणे का धोक्याचे आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, अशी शंका येणे साहजिक आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक जुने संगणक आता लिनक्सवर चालविले जात आहेत. समजा, असा एक संगणक घेऊन आपला विद्यार्थी रोहा तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीवर ध्वनिमुद्रणास गेला. बोलीचे नमुने देता देता एखादी वृद्धा वीटभट्टीवरची उचल, जमिनीचा तंटा, घरातील कलह, असे पुष्कळ काही सांगून जाते. तिने ते विश्वासाने सांगितलेले असते. संगणकातील कार्यप्रणालीच जर कोणी आधी बिघडवून ठेवलेली असेल, तर ते बोलणे परक्या हाती जाण्यास कोणतीही अडचण उरत नाही. निवेदकास आपण दिलेले गुप्ततेचे वचन अशा वेळी केवळ शब्दच राहते.

आता त्या प्रतीचे स्वरूप पाहू. संस्थापनाची सारी सामग्री एकाच फाइलमध्ये बांधलेली असते. तिला आयएसओ इमेज म्हणतात. मूळ प्रकल्पावरचा भार हलका व्हावा म्हणून तिच्या प्रती निरनिराळ्या विद्यापीठांच्या व संस्थांच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. अर्थात आपल्या हाती येते ती प्रतीची प्रत.

ती मूळाबरहुकूम आहे की नाही हे ठरविण्याचे साधन म्हणजे हॅश. फाइल कितीही मोठी असो, ठरावीक गणिती क्रियेने तिच्यातून ठरावीक लांबीचा एक अंक निघतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा असून सोळांच्या अंकपद्धतीत ६४ अक्षरांनी लिहिला जातो. फाइलमधील एक बिट जरी बदलला, तरी हॅशमधील सरासरी निम्मे बिट बदलतात. म्हणून दोन प्रतींत कानामात्रेचाही फरक असेल तर तो लपत नाही. जुनी एमडी५ पद्धती मात्र आता या कामास निरुपयोगी समजावी. एकच हॅश देणाऱ्या दोन भिन्न फाइली तयार करता येतात, हे २००४ साली चिनी संशोधकांनी दाखवून दिले. आणि एसएचए-१ची तीच गत २०१७ साली झाली.

परंतु हॅश केवळ ‘ही फाइल ती फाइलच आहे’ एवढेच सांगतो. ‘ती’ कोणाची, हे सांगत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या प्रकल्पाच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली. घुसखोरांनी १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा दुवा बदलून स्वतःच्या सर्व्हरवरील, चोरवाट ठेवलेल्या प्रतीकडे वळविला. त्या दिवशी ज्यांनी ती उतरवून घेतली, ते अधिकृत पानावरूनच गेले होते. आता विचार करावा की, ज्याच्या हाती पानावरील दुवा बदलण्याची सत्ता आली, त्याला शेजारी छापलेला हॅश बदलण्यास कितीसा वेळ लागणार? पाहुणा आणि त्याची ओळख पटविणारा एकाच टोळीतले असले म्हणजे ओळखीला अर्थ राहत नाही.

येथे स्वाक्षरीची गरज उत्पन्न होते. स्वाक्षरी या शब्दाने मात्र थोडी दिशाभूल होण्याचा संभव आहे. ज्यांचे नाव रोह्याच्या महाविद्यालयास दिलेले आहे ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व त्यांची सही नोटांवर छापली जाऊ लागली. ती सही प्रत्येक नोटेवर सारखीच होती. नोट दहाची असो वा शंभराची, सहीत फरक नसे. म्हणजे सहीचा नोटेवरील मजकुराशी आंतरिक संबंध नव्हता, आणि खऱ्याखोट्याचा निवाडा कागद, जलचिन्ह व छपाई यांवरूनच करावा लागे. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस उमटविले जाणारे मोर्तब याच्या एक पाऊल पुढे होते. ते मजकुराची मर्यादा दाखवी, म्हणून त्याच्याखाली कोणास नवी ओळ घुसडता येत नसे. तथापि मजकुराच्या आतील एखादा आकडा खरवडून बदलला, तर मोर्तब जसेच्या तसे राही.

डिजिटल स्वाक्षरी या दोहोंहून निराळी आहे. ती मजकुरातूनच निघते. कर्त्यापाशी किल्ल्यांची जोडी असते : एक खासगी, दुसरी सार्वजनिक. फाइलच्या हॅशवर खासगी किल्लीने गणिती क्रिया करून स्वाक्षरी निर्माण होते. सार्वजनिक किल्लीने ती पडताळता येते, पण निर्माण करता येत नाही. मजकूर बदलला की स्वाक्षरी जुळत नाही, आणि एका फाइलची स्वाक्षरी उचलून दुसरीस लावता येत नाही. या कल्पनेची जाहीर मांडणी डिफी व हेलमन यांनी १९७६ साली केली. आज लिनक्सच्या जगात हे काम बहुधा जीपीजी या साधनाने होते. डेबियन प्रकल्प सर्व प्रतींचे हॅश एका यादीत लिहितो आणि त्या यादीवर स्वाक्षरी करतो. स्वाक्षरीने यादी सिद्ध होते व यादीने प्रत.

पडताळणी करताना जीपीजी दोन वाक्ये उच्चारते. पहिले वाक्य म्हणते, स्वाक्षरी बरोबर आहे; दुसरे बजावते की, या किल्लीस विश्वासू साक्ष नाही. पुष्कळांना यांत विरोध वाटतो, आणि ते दुसऱ्या वाक्याकडे काणाडोळा करतात. वस्तुतः विरोध नाही. पहिले वाक्य गणिताचे आहे, दुसरे ओळखीचे. किल्लीवर कोणाचेही नाव लिहिण्यास कोणाचीच आडकाठी नसते. पूर्वी किल्ली ओळखण्यासाठी आठ अक्षरांचा छोटा क्रमांक पाहत. तसाच क्रमांक असलेली दुसरी किल्ली घडविणे साध्या संगणकासही जमते, आणि लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाची अशी बनावट किल्ली २०१६ साली उघडकीस आली. म्हणून किल्लीचा संपूर्ण फिंगरप्रिंट, जो बहुधा ४० अक्षरांचा असतो, तो एकाहून अधिक स्वतंत्र मार्गांनी ताडून पाहावा : प्रकल्पाचे संकेतस्थळ, आधीपासून चालू असलेल्या विश्वसनीय लिनक्समधील किल्ल्यांचा संच, किंवा पूर्वी पडताळणी केलेला सहकारी. साक्षीदार जितके एकमेकांपासून दूर, तितकी त्यांची साक्ष वजनदार.

एवढे झाल्यावरच पेनड्राइव्ह हाती घ्यावा. आयएसओ फाइल त्यावर नुसती ठेवून संगणक सुरू होत नाही. ती मुळापासून लिहावी लागते. लिनक्सवर डीडी ही आज्ञा आणि विंडोजवर रूफस हे साधन त्यासाठी वापरतात. पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व काही यात नष्ट होते. आणि डीडीला चुकून संगणकाच्या डिस्कचे नाव दिले, तर ती बिनतक्रार तीच पुसून टाकते. क्षेत्रकार्याची ध्वनिमुद्रणे ज्या संगणकात आहेत तेथे ही चूक क्षम्य नाही. साधनाचे नाव व आकार दोनदा वाचून मगच आज्ञा द्यावी. पेनड्राइव्हही सदोष असतात, म्हणून लिहून झाल्यावर इमेजच्या लांबीइतकाच भाग परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहावा. रूफस फाइली सुट्या करूनही लिहू शकतो. त्या रीतीने बनविलेल्या पेनड्राइव्हास ही तुलना लागू पडत नाही.

विभागात पेनड्राइव्ह हातोहात फिरतात. हातोहात फिरलेल्या पेनड्राइव्हास वरील पडताळणीचा लाभ मिळत नाही, कारण मधल्या प्रत्येक हाताने तो पुन्हा लिहिलेला असणे शक्य आहे. यासाठी मराठी कळफलक, टंक व ‘प्राट’सारखी ध्वनिविश्लेषणाची साधने घालून विभागाने स्वतःची इमेज तयार केली, तर तिच्या हॅशवर विभागाच्या किल्लीने स्वाक्षरी करावी, खासगी किल्ली महाजालास न जोडलेल्या संगणकात ठेवावी, आणि फिंगरप्रिंट विद्यार्थ्यास वर्गात, समोरासमोर, कागदावर द्यावा.

स्वाक्षरी कर्त्याची ओळख पटविते, त्याच्या सद्हेतूची वा अचूकतेची हमी देत नाही. ग्रंथ अस्सल ठरला म्हणून त्यातील विधाने खरी ठरत नाहीत. तो निर्णय अभ्यासकालाच करावा लागतो. परंतु हाती असलेला ग्रंथ कोणाचा, हेच जर ठाऊक नसेल, तर त्या निर्णयाला आरंभसुद्धा करता येत नाही. वाडीवरच्या वृद्धेने आपल्यापुढे मन मोकळे केले ते आपली ओळख पटल्यामुळे. तिचे शब्द ज्या यंत्रात आपण साठविणार, त्याची ओळख पटवून घेण्याचे अर्ध्या तासाचे कष्ट तरी आपण घ्यावयास हवेत.