उलटा वाहणारा शेरीनाला

पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आयर्विनला किती?’ संस्थानी काळात, १९२९ साली खुला झालेल्या या दगडी पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांपुढे गेलं, २०१९ साली ५७ फुटांच्याही वर. हे आकडे इथं पोराटोरांना पाठ असतात.

पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली माणसं ४० होण्याची वाट पाहत नाहीत. त्याआधीच गाठोडी बांधली जातात, जनावरं हलवली जातात. कारण त्यांच्याकडं नदी काठ ओलांडून येत नाही, नाल्यातून येते.

शेरीनाला हे नाव सांगलीत कुणी कौतुकानं घेत नाही. गावठाणाचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी पोटात घेऊन तो वसंतदादा पाटलांच्या समाधीच्या परिसरात कृष्णेला मिळतो. आठ-नऊ महिने त्याच्याबद्दल तक्रार एकच, वासाची आणि घाणीची. पाऊस लागला, नदी फुगली, की मात्र नाल्याचं तोंड बुडतं. बाहेरचं पाणी उंच, आतलं सखल. मग नाला उलटा वाहू लागतो. डोक्यावर ऊन असताना, गल्लीत पावसाचा थेंब पडलेला नसताना, गटारीतून पाणी वर येतं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, इथल्यांना त्याचं नवल राहिलेलं नाही.

नदी फुगवणारा पाऊस बहुतेकदा सांगलीचा नसतोच. तो महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात, सातारा जिल्ह्यात पडलेला असतो. कृष्णेला माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं. तिथले ओढे पाऊस थांबला की काही तासांत रिकामे होतात. सांगली मात्र सपाटीवर बसली आहे. त्यात खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तीही भरून आली असेल, तर कृष्णेला पुढं सरकायला वाव उरत नाही आणि पाण्याचा फुगवटा मागं शहराकडं चढतो.

नाल्यासाठी काही झालंच नाही असं नाही. त्याचं सांडपाणी उपसून धुळगावला न्यायचं, तिथं त्यावर प्रक्रिया करायची आणि ते शेतीला द्यायचं, अशी योजना झाली. ‘शेरी’ हा शब्द जुन्या दप्तरात सरकारच्या खासगी शेतजमिनीसाठी येतो, त्यामुळं या नाल्याचं पाणी शेतात जाणं मला तरी शोभून दिसतं. अडचण मापाची आहे. सांडपाणी रोजचं आणि बेतानं येतं. वळवाचं पाणी तासाभरात, पण त्याच्या कितीतरी पट. एकासाठी बसवलेला पंप दुसऱ्याला कसा पुरणार?

म्हणून कुणी म्हणतं, तोंडाला दार बसवा. दार बसेल, नदी बाहेर राहील. पण त्याच दिवशी शहरावर पाऊस कोसळला तर ते पाणी दाराआड तुंबेल. दाराबरोबर दणकट पंप हवेत, त्यांना पुरातही चालू राहील अशी वीज हवी, आणि पाण्याला थोडा वेळ थांबायला मोकळी जागा हवी. या शेवटच्या गोष्टीला सांगलीत सगळ्यात जास्त भाव आहे, कारण तिचे प्लॉट पडतात. शामरावनगर बघा. काळी चिकट जमीन, खोलगट भाग. तिथं चिखल व्हायला पूर लागत नाही, चार सरी पुरतात. काळी खण हे तळं अजून शाबूत आहे. तिच्याकडं सुशोभीकरणाची जागा म्हणून पाहण्याआधी पाणी साठवण्याची जागा म्हणून पाहायला हवं होतं, असं मला वाटतं.

२०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पूररेषेतल्या बांधकामांवर बोट ठेवलं आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला दोषी धरलं नाही. सांगलीत हे दुसरं वाक्य आजही पुष्कळांना मान्य नाही. त्या वादात पहिलं वाक्य मागं पडलं. आता जागतिक बँकेच्या मदतीनं राज्यानं आखलेल्या पूरनियंत्रणाच्या कामांत सांगली आहे, पावसाच्या पाण्याच्या वाहिन्याही आहेत. प्रत्येक वाहिनी कुठंतरी नदीलाच मिळणार. तिचं तोंड किती फुटांवर ठेवलं, हे नकाशावर आधी पाहावं.

उंचीचा हा धडा शेजारच्या गावानं आधीच घेतला आहे. शहराला लागूनच हरिपूर. संगमेश्वराचं देऊळ, आणि हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची, इतकी ती माती भरवशाची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद सडली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी माल हळूहळू वर, गोदामांत आणि शीतगृहांत हलवला.