विश्लेषण : ताशी १६० किमीच्या पुढे जायचे नाही, मग ट्रकची शर्यत जिंकतात कशी?

जर्मनीतील न्यूरबर्गरिंग सर्किटवर १९८६ पासून ‘ट्रक ग्रांप्री’ भरते. जुलैतल्या त्या शनिवार-रविवारी मैदानात तंबू पडतात, कंट्री संगीताच्या मैफली रंगतात आणि ट्रॅकवर धावतात ते ट्रक. मालवाहू ट्रेलर मागे नसतो. धावतो तो ट्रेलर ओढणारा पुढचा भाग, ज्याला वाहतूक व्यवसायात ‘घोडा’ म्हणतात. ‘फिया’ या जागतिक संघटनेच्या युरोपियन ट्रक रेसिंग चॅम्पियनशिपमधली ही सर्वांत गाजणारी फेरी. मात्र या शर्यतीत एक नियम असा आहे, जो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. ताशी १६० किलोमीटरची वेगमर्यादा ओलांडायची नाही. ओलांडली तर दंड.

शर्यत आणि वेगमर्यादा? एक्स्प्रेस वेवर मध्यरात्री एखादी मोटार याहून वेगात जाते.

ट्रकमध्ये नेमके काय असते?

नियमानुसार ट्रकचे वजन किमान ५,३०० किलो लागते. इंजिन डिझेलचे, १३ लिटरपर्यंतचे, टर्बो लावलेले. ताकद ११०० अश्वशक्तीच्या पुढे. म्हणजे टनामागे २०० हून अधिक अश्वशक्ती. तुलनेसाठी, ४०० अश्वशक्तीचा ट्रक ट्रेलर आणि मालासह ४० टन ओढत असेल तर टनामागे वाट्याला येतात फक्त दहा. त्यामुळे शर्यतीचा ट्रक स्पोर्ट्स कारसारखा सुटतो आणि बघता बघता १६० ला टेकतो. टायर ३१५/७० आर २२.५ या मापाचे, युरोपातल्या हायवेवरच्या ट्रकना असतात त्याच मापाचे. इंजिन पुढच्या चाकांवरून मागे सरकवलेले असते, जेणेकरून वजन विभागले जावे.

सरळ रस्त्यावर सगळेच १६० ला अडतात. फॉर्म्युला वनमध्ये पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटून, वाऱ्याचा अडथळा कमी करून वेग वाढवता येतो. इथे मर्यादा गाठल्यावर ती युक्ती निकामी. वर पुढचा ट्रक अडीच मीटर रुंद, त्याच्या पलीकडचे काही दिसत नाही. मग पुढे जायचे कुठे? वळणाच्या तोंडाशी. जो सर्वांत उशिरा ब्रेक दाबेल आणि तरीही ट्रक वळवू शकेल, त्याची सरशी.

ब्रेकवर पाणी कशासाठी?

इथे थोडे गणित करू, बारावीच्या भौतिकशास्त्राइतके. ५,३०० किलोचा ट्रक १६० वरून ६० वर आणायचा तर सुमारे ४५ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी घालवावी लागते. १,२०० किलोच्या मोटारीपेक्षा चारपटींहून जास्त. ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे १५ लिटर पाणी, म्हणजे अंघोळीची एक बादली, उकळीला येईल. तेही एकदा ब्रेक दाबल्यावर. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

त्यामुळे शर्यतीच्या ट्रकवर सुमारे २०० लिटर पाण्याची टाकी असते आणि ब्रेक दाबताच डिस्कवर पाण्याचे फवारे उडतात. पाणी नुसते गरम होत नाही, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते कितीतरी जास्त उष्णता घेऊन जाते. याच हिशेबाने एका जोरदार ब्रेकिंगला पावणेदोन लिटर पाणी लागते. न्यूरबर्गरिंगची ट्रकसाठीची वाट साधारण ३.६ किलोमीटरची. अशा वाटेवर एका फेरीत पाच जोरदार ब्रेक आणि १२ फेऱ्या धरल्या तर शंभर लिटर झाले. प्रत्यक्षात सगळी उष्णता पाण्यात जात नाही आणि सगळ्या पाण्याची वाफही होत नाही, पण टाकी एवढी मोठी का, हे त्यावरून कळते. वळणावर चाकांमागून निघणारा पांढरा लोट अनेकदा धूर नसून ही वाफ असते.

पाणी जपून वापरावे लागते. सुरुवातीलाच उधळले तर शेवटच्या फेऱ्यांत ब्रेक तापतात. जास्त सोडले तर ते ट्रॅकवर सांडते आणि टायर घसरतात.

वेगमर्यादेचे कारणही इथेच सापडते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मर्यादा २०० केली तर वेग २५ टक्क्यांनी वाढेल, पण ट्रकमधली ऊर्जा ५६ टक्क्यांनी. ती ब्रेकला झेपली नाही तर कठड्याला झेलावी लागेल.

घाटातल्या ट्रकचे काय?

हे गणित आपल्यासाठी परके नाही. ४० टनांचा भरलेला ट्रक घाटात १०० मीटर खाली उतरतो, तेव्हा सुमारे ३ कोटी ९० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. शर्यतीतल्या जवळजवळ नऊ जोरदार ब्रेकिंगएवढी, आणि इथे पाण्याचे फवारे नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना ड्रम ब्रेक असतात. ते सतत दाबून धरले की तापतात आणि पकड सुटत जाते. बोरघाटात येणारा जळका वास त्याचाच. चालकाने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा रोधही जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठीच बदनाम आहे. खालच्या गिअरमध्ये उतरा, असे सांगतात ते या कारणाने. युरोपात हायवेवरच्या जड ट्रकना ‘रिटार्डर’ असतो, जो ब्रेक न वापरता वेग धरून ठेवतो.

गुण कसे मिळतात?

शनिवारी दोन, रविवारी दोन अशा चार छोट्या शर्यती. दिवसाच्या पहिल्या शर्यतीतील विजेत्याला २० गुण, दुसऱ्या शर्यतीत १०. दुसऱ्या शर्यतीची गंमत अशी की पहिल्या आठ जणांचा क्रम उलटा लावतात; सकाळचा विजेता आठव्या जागेवरून सुटतो. म्हणजे पुन्हा वळणे, पुन्हा ब्रेक. जर्मनीच्या योखेन हानने सहा विजेतेपदे मिळवली. हंगेरीच्या नॉर्बर्ट किशने २०१४ आणि २०१५ नंतर २०२१ ते २०२३ सलग तीन. फ्रान्समधल्या ल मान्सच्या फेरीचे नाव ‘२४ तास’ असले तरी ट्रक चोवीस तास धावत नाहीत, हे जाता जाता. २०२१ पासून सर्व ट्रक वनस्पती तेल आणि टाकाऊ तेलापासून बनवलेल्या डिझेलवर धावतात.

भारतात हे झाले होते का?

झाले होते. टाटा मोटर्सने २३ मार्च २०१४ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ‘टी१ प्रिमा’ शर्यत भरवली. जिथे काही महिन्यांपूर्वी फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या, तिथे १२ प्रिमा ट्रक उतरले. चालक मात्र परदेशी. ट्रक चालवणे हा मानाचा पेशा वाटावा, तरुणांनी त्याकडे वळावे, हाही त्यामागचा एक उद्देश सांगितला गेला. त्या दृष्टीने २०१६ चे वर्ष अधिक महत्त्वाचे. त्या वर्षी हायवेवर माल वाहणाऱ्या भारतीय चालकांना निवडून, प्रशिक्षण देऊन सर्किटवर उतरवण्यात आले. २०१७ च्या चौथ्या हंगामात १००० अश्वशक्तीचा प्रिमा दाखवण्यात आला. पाचवा हंगाम झाला नाही.