व्हॅलेन्सियातला गुरुवार

आई-बाबांना घेऊन युरोप म्हटलं की एकच पिक्चर डोळ्यांसमोर येतं. दहा दिवस, सात देश, पहाटे सहाला लॉबीत बॅगा, बसमध्ये अंताक्षरी आणि आयफेल टॉवरखाली चाळीस मिनिटं. ज्यांना झेपतं त्यांनी खुशाल करावं! आमच्याकडे बाबांचा गुडघा आणि माझं बजेट, दोघंही नाही म्हणाले. म्हणून मी हट्टानं एकच गाव निवडलं, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्हॅलेन्सिया. सहा दिवस, एकच फ्लॅट, स्वयंपाकघरासकट.

‘एकाच गावात सहा दिवस करायचं काय?’ हा आईचा प्रश्न. बाबांनी काहीच विचारलं नाही. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून ते फारसं काही विचारतच नाहीत. कुठेही न्या, पाच मिनिटं बघणार आणि म्हणणार, ‘झालं? चला.’ कालात्राव्हाच्या त्या पांढऱ्याशुभ्र, स्पेसशिपसारख्या इमारतींपुढेही तेच. झालं? चला.

आईचं मात्र दुसऱ्याच दिवशी जमलं. पुण्याच्या एक ते चारला हसणाऱ्यांनी इथे येऊन बघावं. दोननंतर जेवण, मग बरीच दुकानं बंद, आणि रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. वामकुक्षीला इतकी राजमान्यता आईनं कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी ट्रामनं माल्वारोसाच्या किनाऱ्यावर. पाएया हे मूळचं इथलंच. अस्सल पाएयात चिकन आणि ससा असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी ‘पाएया दे वेर्दुरास’ मागायचा, आणि तोही दुपारी. कढईच्या तळाशी लागलेल्या कुरकुरीत भाताला हे लोक ‘सोकार्रात’ म्हणतात आणि त्यासाठी भांडतात. ‘अगं, ही तर खरवड!’ म्हणत आईनं कढई साफ केली.

बाबांचा दिवस उजाडला गुरुवारी.

दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या ‘अपोस्टल्स’ दरवाज्याबाहेर इथलं पाणी-न्यायालय भरतं. भोवतालच्या शेतीला तुरिया नदीचं पाणी आठ जुन्या कालव्यांतून मिळतं. प्रत्येक कालव्याचे शेतकरी आपला एक प्रतिनिधी निवडतात. ते आठ जण काळे झगे घालून उघड्यावर गोलाकार बसतात. वकील नाही, फायली नाहीत, सगळं तोंडी आणि व्हॅलेन्सियन भाषेत. निकाल तिथल्या तिथे. ज्या कालव्याचं भांडण, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. ही पद्धत कित्येक शतकांची, आणि २००९मध्ये युनेस्कोनंही तिला वारसा म्हणून मान्यता दिली.

आम्ही गेलो त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. एकेका कालव्याचं नाव पुकारलं गेलं, कुणीच पुढे आलं नाही, काही मिनिटांत सगळे उठले. टूरिस्ट पांगले. माझा भाऊ म्हणाला, ‘एवढंच?’

बाबा हलले नाहीत. ‘तक्रार नाही म्हणजे पाणी टेलपर्यंत पोचतंय,’ ते म्हणाले. मग तिथल्याच एका पायरीवर बसून पाऊण तास बोलले. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीबद्दल. पांझरेवरचे बंधारे, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, रात्री राखणीला जागल्या, आणि ठरवणारे शेतकरी स्वतः. मग त्यांच्या नोकरीबद्दल. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचं पाणी वरचे लोक रात्री कसं फोडतात, आणि पहाटे दोनला जीपमधून जाऊन ते बंद करताना काय काय ऐकावं लागतं. बत्तीस वर्षं नोकरी झाली त्यांची. आम्हा दोघांना माहीत काय होतं, तर ‘बाबा टूरवर गेलेत.’

मग बाबांचा प्रश्नांचा नळ सुटला. आमच्या फ्लॅटसमोर नदीच्या पात्रात बाग होती. नदी गेली कुठे? १९५७च्या ऑक्टोबरमध्ये तुरियानं शहर बुडवलं, म्हणून तिला शहराच्या दक्षिणेकडून नवं पात्र खोदून दिलं. जुन्या पात्रातून हायवे काढायचा बेत होता. लोकांनी विरोध केला, आणि आज तिथे जवळजवळ नऊ किलोमीटर लांब बाग आहे. सायकली, संत्र्याची झाडं, फुटबॉल. भारी वाटतं ऐकायला. पण २९ ऑक्टोबर २०२४च्या पुरात नव्या पात्रामुळे मूळ शहर बचावलं आणि त्याच्या दक्षिणेची पायपोर्तासारखी गावं चिखलात गेली. व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं दगावली. बाबा त्या बागेत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पाणी वळवलं की कुणाकडे तरी वळतंच.’

पाचव्या दिवशी आल्बुफेराला गेलो. शहराच्या दक्षिणेला हे मोठं सरोवर, भोवती भातशेती, मावळतीला बोटीची फेरी. टिपिकल रोमँटिक स्पॉट. सरोवराचं पाणी समुद्राला मिळतं तिथे दरवाजे आहेत, भाताच्या हंगामानुसार ते उघडतात आणि मिटतात. बाबांना बोटीपेक्षा ते बघायचे होते. सगळे गेलो, गुडघ्यासकट.

तुम्ही जाणार असाल तर मे किंवा सप्टेंबर बघा, ऑगस्टमध्ये भाजून निघाल. जवळच्या आल्बोरायाची थंडगार ओर्चाता प्या. लव्हाळ्याच्या जातीतल्या एका कंदाचं ते दूध आहे, हे आईला पिऊन झाल्यावर सांगा. आणि तिकिटं काढताना मध्ये एक गुरुवार येईल असं बघा. दरवाज्यापाशी पावणेबारालाच उभे राहा, पुढची जागा लवकर जाते.